लेटरबॉक्सपर्यंत

२०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी लिंडसे पेनहॉल आपल्या गवत कापायच्या मॉवरला शिव्या देत होता, आणि मी माझ्या स्वयंपाकघरात किटली भरून तयार ठेवली होती. मॉवर त्याच्याइतकाच जुना वाटायचा. पेट्रोलवर चालणारा, पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागणारा, सुरू करताना दोरी खेचावी लागणारा. लिंडसे दोरी खेचायचा, एक शिवी द्यायचा, पुन्हा खेचायचा. बहुतेक वेळा तिसऱ्या शिवीला निळा धूर निघायचा आणि सगळ्या गल्लीला शनिवार झाल्याचं कळायचं.

त्या दिवशी शिव्या तिसरीच्या पुढे गेल्या. मग एकदम गप्प झालं. खिडकीतून पाहिलं तर तो गवतात बसला होता, डावा हात उजव्या खांद्यावर.

मी चप्पल घालून गेले. "काय झालं?"

"काही नाही. बसलोय."

"गवतात?"

"माझंच गवत आहे."

"खांदा निखळला का?"

"निखळला नाही. त्याने राजीनामा दिलाय."

जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या कॅम्परडाउन गावापलीकडच्या सगळ्या गोठ्यांवरून दूध गोळा करून तो आमच्या लोण्याच्या कारखान्यात आणायचा. मी तिथल्या कँटीनमध्ये होते. माझं लग्न व्हायच्या आधीपासून लिंडसे माझ्या हातचा चहा पीत आला होता. पुढे माझ्या नवऱ्याने, क्लॅरीने, आणि मी घर घेतलं ते नेमकं त्याच्या शेजारी. नॅन्स, त्याची बायको, पहिल्याच दिवशी कुंपणावरून म्हणाली होती, "याला चहा देत जाऊ नकोस हं इथेपण. मग माझा पितच नाही."

चहा मी देत राहिले. क्लॅरी असताना, तो गेल्यावर, नॅन्स गेल्यावरही. शनिवारी मॉवर बंद झाला की कुंपणाच्या खांबावर चहाचा मग ठेवायचा. तो यायचा, उभ्यानेच प्यायचा, पावसाबद्दल काहीतरी बोलायचा आणि रिकामा मग परत खांबावर ठेवून जायचा. एवढंच.

आता ज्यांच्या गल्लीत फुटपाथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची पट्टी नसते त्यांना पुढचं कळणार नाही, म्हणून सांगते. ती पट्टी नगरपालिकेची, पण कापायची ज्याच्या घरासमोर असेल त्याने. आपली पट्टी कापताना शेजाऱ्याच्या हद्दीत मॉवरचा एक पट्टा जास्त मारायचा, ही रीत. एक पट्टा म्हणजे राम राम. बरोबर हद्दीवर थांबलात तर काहीतरी बिनसलंय. आणि एका पट्ट्याच्या फार पुढे गेलात तर त्याचा अर्थ, बाबा, तुझं गवत वाढलंय, तुला जमत नाही का. आमच्या गल्लीत दोन सख्खे साडू यावरून बोलेनासे झाले होते आणि शेवटपर्यंत बोलले नाहीत.

क्लॅरी होता तोवर लिंडसे एक पट्टा मारायचा, क्लॅरी त्याच्याकडे एक. क्लॅरीला पोचवून आलो त्यानंतरच्या शनिवारी लिंडसे एक पट्टा मारून थांबला नाही. तो कापत कापत माझ्या लेटरबॉक्सपर्यंत गेला. लेटरबॉक्सच्या पलीकडे गाडीचा सिमेंटचा रस्ता, म्हणजे माझी सगळी पट्टीच झाली. त्याने काही म्हटलं नाही, मीही नाही. नॅन्स खिडकीतून बघत होती, तिने हात हलवला. त्यानंतर दर शनिवारी लेटरबॉक्सपर्यंत. मागचं अंगण कापायला मी पैसे देऊन माणूस ठेवला होता, त्याला मी सांगून ठेवलं होतं की पुढच्या पट्टीला हात लावायचा नाही.

खांद्याची बातमी जिलियनला कळली. जिलियन त्याची मुलगी, जिलॉन्गला असते. दोन आठवड्यांनी, रविवारी, ती पॅशनफ्रूटचा केक घेऊन आली आणि मलाही बोलावलं. मी म्हटलं नक्की काहीतरी आहे, साक्षीदार हवाय हिला.

"बाबा, गवत बघितलंत?"

"रोज बघतो. हिरवं आहे."

"घोट्याच्या वर गेलंय. वसंत आहे, हे किकुयू गवत वाढतं कसं ते मी सांगायला नको. मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या बाईच्या अंगणात विषारी टायगर स्नेक निघाला."

"तो तिच्या नवऱ्याला भेटायला आला होता. दोघांचं जमायचं."

"चेष्टा नको. आमच्या घरामागची ती खोली तयार आहे. न्हाणीघर आहे, समोर सगळे दगडगोटे घातलेत, एक काडी कापायला नको. घर विकून टाकू. डॉक्टरांनी सांगितलंय, ती दोरी पुन्हा खेचायची नाही."

"मग माणूस ठेवतो."

"तुम्ही? मागे ठेवला होतात तर तुम्ही त्याच्या मागे मागे फिरत होतात. तो तिसऱ्या दिवशी आला नाही."

"वाकडं कापत होता."

जिलियनने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा, ऊना."

मी केक खात होते. मला एवढंच दिसत होतं की शेजारच्या घरावर विक्रीची पाटी लागेल, आणि शनिवार येईल, आणि किटली भरायचं काही कारण राहणार नाही.

"दोरी नसलेले मॉवर मिळतात हल्ली," मी म्हटलं. "बॅटरीचे. बटण दाबलं की सुरू."

लिंडसेने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी त्याला लोण्याऐवजी मार्गारीन खायला सांगितलं.

"ठीक आहे," जिलियन म्हणाली. "नाताळपर्यंत बघू. नाताळला मी येईन तेव्हा अंगण नीट असलं तर मी हा विषय काढणार नाही. नसलं तर पाटी."

मंगळवारी आम्ही ट्रुडीच्या दुकानात गेलो. गाडी मी चालवली, कारण स्टिअरिंग फिरवताना त्याचा खांदा कण्हायचा. ट्रुडीच्या वडिलांचं ते दुकान, मॉवर आणि करवती दुरुस्त करायचं. तिने दुकानाचा पुढचा अर्धा भाग बॅटरीच्या यंत्रांना दिला होता. हिरवी, पिवळी, नारिंगी, निळी. पेट्रोलची मागे, अंधारात. लिंडसे सरळ मागे जायला निघाला.

"इकडे, लिंडसे," ट्रुडी म्हणाली. "मागे तुमच्या खांद्याला बंदी आहे. जिलियनचा फोन आला होता."

"तिने पोलिसांनाही कळवलंय का?"

"ते आज सुटीवर आहेत. हे बघा, आधी तारेचं दाखवते. स्वस्त आहे, हलकं आहे, भिंतीच्या सॉकेटमध्ये लावलं की चालतं, बॅटरी संपायची भीती नाही."

"आणि तार?"

"तार मागे ओढत न्यायची."

"माझ्या मेव्हण्याने असलंच घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी स्वतःचीच तार कापली. घरातले दिवे गेले, बायको केस वाळवत होती. नको."

"मग बॅटरी. पण एक सांगते, इथे मॉवर निवडायचा नसतो, रंग निवडायचा असतो. हिरव्याची बॅटरी हिरव्यातच बसते, पिवळ्याची पिवळ्यात. उद्या झुडपं छाटायचं घ्याल, कडा मारायचं घ्याल, सगळं त्याच रंगाचं घ्या, म्हणजे एकच बॅटरी सगळीकडे चालते. एकदा एका रंगात गेलात की जन्मभर त्याच घरात."

"म्हणजे लग्नच," लिंडसे म्हणाला.

"लग्नापेक्षा पक्कं. इथे घटस्फोट फार महाग पडतो."

त्याने एक मॉवर बोटाने वाजवून पाहिला. "प्लास्टिक आहे. नातवाचं खेळणं वाटतंय."

"प्लास्टिक आहे म्हणून हलका आहे. हा पत्र्याचा घ्या, टिकेल जास्त, पण वळवताना खांदा बोलेल. हा आपोआप पुढे चालणारा, पण तो जड, आणि स्वतःला ओढण्यातच अर्धी बॅटरी खातो. तुमची जमीन सपाट आहे. ढकलायचा हलकाच घ्या."

तिने किल्ली घातली, बटण दाबलं, दांडा ओढला. लिंडसे वाट बघत उभा राहिला.

"कर ना सुरू," तो म्हणाला.

"सुरू आहे."

तो खाली वाकला, कान जवळ नेला. "डास आहे आत."

"शेजाऱ्यांची झोपमोड होत नाही. लोकांना आवडतं."

मला नाही आवडलं. पण मॉवर घेतला तर लिंडसे इथे राहणार होता. आवाज काय करायचाय, असं मी त्या वेळी मनाशी म्हटलं.

मग बॅटरीचं आलं. ट्रुडीने दोन समोर ठेवल्या, एक लहान, एक मोठी. "व्होल्ट दोन्हींत सारखेच, म्हणजे जोर सारखा. फरक टाकीचा. ही लहान टाकी, ही मोठी. मोठी जड आहे आणि तुम्हाला लागणार नाही. तुमचं घर मला माहीत आहे, लहानीत होतं सगळं."

"होत नाही."

"किती गवत आहे तुमचं? सांगा बघू."

लिंडसे डोळे मिटून मोजू लागला, जसा टँकरचा मार्ग मोजत असावा. "मागे, कपडे वाळवायच्या दांडीभोवती. लिंबोणीखाली. बाजूची गल्ली. पुढचं अंगण. मग पट्टी."

"पट्टी तुमची किती, एवढीशी."

"लेटरबॉक्सपर्यंत."

"तुमचा लेटरबॉक्स तर फाटकाला आहे."

"माझा नाही," लिंडसे म्हणाला. "तिचा."

ट्रुडीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवर टांगलेल्या एका साखळी करवतीची चौकशी करायची असल्यासारखी तिच्याकडे बघत राहिले. लिंडसेचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत त्या पट्टीबद्दल आम्ही दोघांनी तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि आता तो दुकानात, ट्रुडीसमोर, आपलं गवत म्हणून माझं गवत सांगून बसला होता.

"मग मोठी," ट्रुडी हळूच म्हणाली आणि लहान बॅटरी उचलून ठेवली. रंग हिरवा घेतला.

येताना गाडीत आम्ही पावसाबद्दल बोललो.

पुढच्या शनिवारी मी किटली भरली आणि बसले. कानातलं ऐकायचं यंत्र काढून ठेवलं होतं. जुना मॉवर त्याशिवायही ऐकू यायचा, छातीत ऐकू यायचा. मी बसून राहिले. म्हटलं, चार्ज करायला विसरला असेल. म्हटलं, खांदा दुखत असेल. मग खिडकीशी गेले तर त्याचं अंगण कापून झालेलं, माझी पट्टी लेटरबॉक्सपर्यंत कापून झालेली, आणि लिंडसे कुठेच नव्हता. खांब रिकामा होता. तो आला असणार, उभा राहिला असणार, आणि गेला असणार.

मी तेव्हाच त्याच्या दारात जायला हवं होतं असं आज कुणीही म्हणेल. पण काय म्हणून जायचं? ऐकू आलं नाही, म्हणून? तो मंगळवार मध्ये नसता तर गेलेही असते.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी कानात यंत्र घालून अंगणातच जाऊन बसले, पण त्याने सकाळी लवकर, मी उठायच्या आत कापलं होतं. आणि पट्टीवर रेघ होती. बरोबर हद्दीवर. इकडे त्याचं गवत आखूड, तिकडे माझं वाढलेलं. एक पट्टासुद्धा नाही, राम रामसुद्धा नाही.

मी त्या रेघेकडे पुष्कळ वेळ बघत उभी राहिले. सोमवारी टपालवाला आला तेव्हा म्हणाला, "भांडलात की काय?" गल्लीत सगळ्यांना वाचता येतं ते.

मला कळलं होतं. दुकानात तो बोलून गेला, आणि पहिल्याच शनिवारी चहा नाही. त्याने त्याचा अर्थ लावला. मी त्याच्या जागी असते तर तोच लावला असता.

आठवडाभर मी त्यावर विचार केला. समजावून सांगायला आमच्याकडे भाषा नव्हती. आमच्याकडे चहा होता आणि गवत होतं. शेवटी शुक्रवारी मी एकटीच ट्रुडीकडे गेले.

"मला कडा मारायचं यंत्र हवंय. ते दांड्याचं, फिरत्या दोरीचं. हिरवं."

"आता काय, सगळी गल्ली हिरवी करणार?" ट्रुडीने एक काढून दिलं. "बॅटरी आणि चार्जरसकट देऊ की नुसती स्किन?"

"स्किन म्हणजे?"

"नुसतं यंत्र. बॅटरीशिवाय. ज्यांच्या घरी त्या रंगाची बॅटरी आधीच आहे ते स्किन नेतात."

"स्किन दे."

"ऊना, तुमच्या घरी बॅटरी कुठे आहे?"

"शेजारी आहे."

ट्रुडीने यंत्र कागदात गुंडाळायला घेतलं, मग म्हणाली, "कागद नको. असंच न्या. दिसू दे."

शनिवारी पहाटे मी उठले. गल्लीत कुणी नव्हतं. स्वेटर चढवला, यंत्र खांद्यावर टाकलं आणि त्याच्या दाराशी गेले. तो मॉवर बाहेर काढत होता. त्याने आधी यंत्र बघितलं, मग मला.

"हे काय?"

"स्किन आहे."

"ते दिसतंय. बॅटरी?"

"नाही घेतली."

"का? संपल्या होत्या?"

"तुझ्याकडे आहे म्हटलं मी. तुझी मोठी आहे. तुझं कापून झालं की उरलेल्यात माझ्या कडा होतील."

तो मॉवरच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. मी पुढे म्हटलं, "आणि हे डासाचं मशीन मला ऐकू येत नाही. तेव्हा सुरू करायच्या आधी माझ्या खिडकीवर वाजवत जा. मला किटली ठेवायची असते."

"ऐकू आलं नाही होय," लिंडसे म्हणाला.

"कानात यंत्र नव्हतं."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते माहीत आहे. हद्दीवर लिहून ठेवलं होतंस तू. टपालवाल्यानेसुद्धा वाचलं."

तो हसला. मग त्याने हद्दीकडे पाहिलं, माझ्या वाढलेल्या गवताकडे, आणि म्हणाला, "फार वाढलंय. दोनदा मारावं लागेल. बॅटरी पुरेल का कुणास ठाऊक."

"नाही पुरली तर थांबू. चार्ज होईपर्यंत चहा होईल."

नाही पुरली. त्या दिवशी तो पहिल्यांदा कुंपणाच्या आत येऊन, माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून चहा प्याला. चार्जर त्याने बरोबर आणला होता, तो माझ्या टोस्टरशेजारी लावला. हिरवा दिवा लागेपर्यंत आम्ही बसलो होतो.

नाताळला जिलियन आली, अंगणभर फिरली, लिंबोणीखाली वाकून पाहिलं, आणि विषय काढला नाही. जेवताना एवढंच म्हणाली, "ऊनाच्या पट्टीच्या कडा कुणी मारल्या? फार सुबक आहेत."

"बॅटरी माझी," लिंडसे म्हणाला.

"यंत्र माझं," मी म्हटलं.

दोन उन्हाळे असे गेले. शुक्रवारी संध्याकाळी तो बॅटरी चार्जरला लावायचा, शनिवारी सकाळी माझ्या खिडकीवर टकटक. तो कापायचा, मग बॅटरी काढून माझ्या हातात द्यायचा. ती गरम असायची, मोठ्या बटाट्यासारखी. मी कडा मारायचे. बॅटरीतली वीज संपत आली की यंत्र कण्हायचं आणि तो माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडायचा, "आता स्किनच उरली, आत ये."

त्या दोन उन्हाळ्यांत आम्ही काही बोललो असं नाही. लोकांना वाटतं तसं काही नव्हतं, आणि लोकांना वाटत नाही तसं होतं. त्याहून जास्त मला सांगता येत नाही.

गवताने त्याला घराबाहेर काढलं नाही. तो न्हाणीघरात पडला, २०१९ च्या हिवाळ्यात. गवत त्या वेळी वाढतसुद्धा नाही. पट्टी नीट होती, लिंबोणीखाली नीट होतं, आणि जिलियनला या वेळी कुणाशी वाद घालावा लागला नाही.

जायच्या आदल्या दिवशी तो काठी टेकत कुंपणाच्या खांबापर्यंत आला. हातात बॅटरी होती.

"ही ठेव. मॉवर जिलियनने कुणाला तरी देऊन टाकलाय, ही मी काढून घेतली."

"मला नको," मी म्हटलं.

"तुझ्या कडा?"

"माझ्याकडे स्किन आहे. बॅटरी शेजारी असते."

तो खांबाला टेकून राहिला. "दुसरी घेणार आहेस का?"

"नाही."

"बरं," लिंडसे म्हणाला, आणि बॅटरी कोटाच्या खिशात घातली. खिसा एका बाजूला ओढला गेला. मग आम्ही पावसाबद्दल बोललो.

जिलॉन्गला तो दीड वर्ष होता. मधला बराच काळ कोविडमुळे दारं बंद ठेवायचा होता, त्यामुळे फोनवरच बोलणं व्हायचं, आणि फोनवर त्याला माझं आणि मला त्याचं नीट ऐकू यायचं नाही. एका सकाळी तो उठला नाही.

ट्रुडीने पुढे पेट्रोलचे मॉवर ठेवणं बंद केलं. दुकान अजून तीच चालवते; मला दिसली की करवतीकडे बघितल्यासारखं करते आणि हसते. जिलियन आता आजी झाली आहे. बापाचं सामान आवरलं तेव्हा तिने मला फोन केला होता. म्हणाली, "बाबांचं डोकं शेवटी जरा फिरलं होतं बहुतेक. एक मॉवरची बॅटरी होती त्यांच्याकडे. दर शुक्रवारी संध्याकाळी चार्जरला लावायचे. आमच्याकडे गवत कुठे आहे, सगळे दगडगोटे. मी ती जुन्या बॅटऱ्यांच्या पेटीत टाकून दिली."

"हो का," मी म्हटलं.

शेजारी एक तरुण जोडपं आलं आहे. मुलगा चांगला आहे. त्याचा मॉवर निळा, आणि तो माझ्या हद्दीत एक पट्टा मारतो, बरोबर एक. रीत त्याला कुणी शिकवली माहीत नाही. त्या एका पट्ट्यापासून लेटरबॉक्सपर्यंत गवत वाढलेलं असतं, ते मंगळवारी माझा माणूस कापतो. मुलाने एकदा शेडमध्ये टांगलेलं यंत्र पाहून विचारलं, याला बॅटरी नाही का, माझी देऊ का. लावून पाहिली. निळी हिरव्यात बसत नाही.

मी ते यंत्र अधूनमधून उतरवून पुसते आणि परत टांगते. बॅटरी बसवायच्या रिकाम्या जागेत कोळी घर करतात, म्हणून तिथे जुन्या टॉवेलचा एक तुकडा घडी करून खोचून ठेवला आहे.